कविताताईंचा अर्ज

(वांगणी, ता. जव्हार येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



हेमंत करकरे आणि कविता करकरे या दोघांविषयी आज मला बोलायचं आहे. दोघांचं घर मुंबईत होतं, दोघांचा शेवटही मुंबईतच झाला. मग त्यांची आठवण वांगणीत का काढायची? कारण त्यातल्या बाईंनी नवऱ्याच्या माघारी जे केलं, त्याचं मोल या गावाइतकं दुसऱ्या कुठल्या गावाला कळेल असं मला वाटत नाही.

महाराष्ट्राला वांगणीचं नाव कळलं ते १९९२ साली. वावर-वांगणीच्या पाड्यांवर कुपोषणानं शंभराहून जास्त लेकरं गेली. तेव्हा आपला पालघर जिल्हा झाला नव्हता, आपण ठाण्यात होतो. ज्या वाटेनं एरवी एसटीसुद्धा धड येत नव्हती, त्या वाटेनं लाल दिव्याच्या गाड्या आल्या. मंत्री आले, कॅमेरे आले, पुढे जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं. इथल्या वडीलधाऱ्यांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं आहे. माणूस गेल्यावर सांत्वनाला यायला सरकारला वेळ लागत नाही. तो का गेला, कुणाकडून काय राहून गेलं, त्याचा कागद दाखवा, असं म्हटलं की मात्र साहेब मीटिंगला गेलेले असतात.

कविताताईंनी तो कागद मागितला. अशोकचक्र मिळालेल्या अधिकाऱ्याच्या पत्नीनं साध्या नागरिकासारखा माहितीच्या अधिकारात अर्ज केला. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हा अर्ज आहे. पण त्याच्याकडे जायच्या आधी ही माणसं कोण होती ते बघू.

हेमंत करकरे यांचा जन्म १२ डिसेंबर १९५४ चा. ते वाढले वर्ध्यात. शेजारी गांधीजींचं सेवाग्राम, पलीकडे धाम नदीकाठी विनोबांचं पवनार, आणि मधे हे लहानसं, रुक्ष उन्हाळ्याचं गाव. त्यांची प्राथमिक शाळा नगरपालिकेची, चित्तरंजन दास यांच्या नावाची. हायस्कूल न्यू इंग्लिश. नगरपालिकेच्या शाळेत बसलेल्या मुलाला पुढच्या आयुष्यात एक गोष्ट शिकवावी लागत नाही: बाकावर शेजारी कोण बसतो, त्याची जात कोणती, त्याच्या घरी चूल पेटली की नाही, हे त्याला आपसूक कळलेलं असतं. इथल्या आश्रमशाळेतल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं म्हणून सांगतो. अशोकचक्रापर्यंत गेलेल्या त्या माणसाची पहिली शाळा फी भरून मिळणारी नव्हती.

१९७५ साली नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजातून ते मेकॅनिकल इंजिनियर झाले. मग हिंदुस्थान लीव्हरसारख्या कंपनीत नोकरी केली. त्या काळात ती नोकरी म्हणजे घर, गाडी, सगळं आलं. ती सोडून १९८२ च्या तुकडीत ते आयपीएस झाले.

कविताताईंचं क्षेत्र वेगळं. त्या बी.एड. कॉलेजात शिकवायच्या, म्हणजे शिक्षकांच्या शिक्षिका. पोलिसाशी लग्न झालेली बाई नोकरी टिकवून धरते, तेव्हा ती काय काय सांभाळते ते आपल्याकडच्या पोलीस लाइनीतल्या कुणालाही विचारा. बदलीचा हुकूम जूनमध्ये येतो, शाळांचे प्रवेश संपलेले असतात. सण म्हटला की बंदोबस्त, आणि बंदोबस्त म्हटला की घरातला कर्ता माणूस घराबाहेर. गणपती इतरांचे बसतात, पोलिसाच्या घरी बायकोच आरती म्हणते. करकरे दांपत्याला तीन मुलं. त्यांतल्या मोठ्या मुलीनं, जुई करकरे-नवरे यांनी, २०१९ साली वडिलांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. लेकीनं बापावर पुस्तक लिहावं एवढा तो घरात होता, याचं श्रेय मी त्याला देतो, तसंच जो वेळ तो घरात नव्हता तो भरून काढणाऱ्या बाईलाही देतो.

आता चंद्रपूर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण चंद्रपूरचं जंगल तुमच्या जंगलाचं नातलग आहे. १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा निघाला, तरी उरलेल्या चंद्रपूरच्या रानात नक्षल चळवळीचा वावर होताच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला करकरे तिथे पोलीस अधीक्षक होते. जिल्ह्याच्या ठिकाणचा एसपी म्हणजे मोठा बंगला, दाराशी पहारा आणि मागेपुढे जीपगाड्या. पण हा एसपी रानात फिरताना खाली बघायचा. वाळून पडलेली मुळं, पुरानं आणून टाकलेले ओंडके, वाळवीनं पोखरलेली खोडं तो गोळा करायचा आणि घरी आणून त्यांतून आकार काढायचा. अशी सुमारे दीडशे काष्ठशिल्पं त्यांनी चंद्रपूरच्या त्या काळात केली.

मोखाडा-जव्हारच्या माणसाला यातली गोष्ट फोड करून सांगायला नको. बोहाड्याचे मुखवटे तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. मुखवटा करणाऱ्याला माहीत असतं की लाकडाची रेषा कुठे जाते ते आधी बघावं लागतं, हत्यार नंतर उचलायचं. रेषेच्या उलट हत्यार घातलं की लाकूड चिरतं. ज्याला बंदुकीचा हुकूम देता येतो, त्या माणसानं रात्री घरी बसून वाळक्या मुळाची रेषा शोधत बसावं, हे मला फार मोलाचं वाटतं. आदिवासी भागात आलेल्या अधिकाऱ्याबद्दल आपण नेहमी एकच गोष्ट विचारतो: हा माणूस बघतो का? की गाडीच्या काचेतून बघितल्यासारखं करतो? करकरेंनी बघितलं, याच्या दीडशे लाकडी खुणा त्यांनी मागे ठेवल्या. आणि त्या लाकडांसाठी घरात जागा कविताताईंनीच करून दिली असणार, हे सांगायला पुरावा लागत नाही. भुसा, साल, किडे घेऊन आलेला ओंडका बैठकीच्या खोलीत येतो तेव्हा घरातल्या बाईचा होकार असल्याशिवाय तो तिथे राहत नाही.

पुढची सात वर्षं ऑस्ट्रियात व्हिएन्नाला, रॉ या गुप्तचर संस्थेच्या कामावर. त्याविषयी बोलण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही, आणि त्या कामाचा तो धर्मच आहे. परत आल्यावर ते मुंबई पोलीस दलात प्रशासनाचे सहआयुक्त झाले. शिपायांच्या बदल्या, रजा, घरं, आजारपणं या सगळ्याचा संबंध त्या खुर्चीशी येतो. जानेवारी २००८ मध्ये ते राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख झाले.

त्या वर्षी २९ सप्टेंबरला मालेगावात भिक्कू चौकात स्फोट झाला आणि सहा माणसं गेली. करकरेंच्या पथकानं तपास केला आणि साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर, लेफ्टनंट कर्नल पुरोहित यांच्यासह काही जणांना अटक केली. त्यावरून त्यांच्यावर कडाडून टीका झाली. राजकीय सभांत झाली, वर्तमानपत्रांत झाली. पुढे हा खटला एनआयएकडे गेला आणि ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयानं सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. न्यायालयाचा निकाल हा निकाल आहे. पण ज्यांच्या घरातली सहा माणसं गेली, त्या मालेगावच्या घरांना सतरा वर्षांनंतरही आपली माणसं कुणी मारली याचं उत्तर मिळालेलं नाही. त्या घरांना मी आजच्या व्याख्यानातून वगळू शकत नाही. करकरेंनी त्यांच्यासाठी काम केलं, ते काम करताना शिव्या खाल्ल्या आणि त्या शिव्या चालू असतानाच ते गेले. दोन महिने पुरे व्हायला तीन दिवस बाकी होते.

२६ नोव्हेंबर २००८, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याची रात्र. रात्री पावणेदहाच्या सुमाराला ते दादरच्या घरी जेवत होते. फोन आला. ते सीएसटीला पोचले. तिथे हेल्मेट आणि बुलेटप्रूफ जाकीट चढवतानाचं त्यांचं चित्र सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. घरात कविताताईंनीही पाहिलं असेल. तिथून ते कामा रुग्णालयाकडे गेले. नंतर रंगभवनच्या गल्लीत, पोलिसांच्या क्वालिस गाडीत, कसाब आणि इस्माईल या दोघा दहशतवाद्यांनी झाडलेल्या गोळ्यांनी ते गेले.

त्या गाडीत कोण कोण होतं ते मी पूर्ण सांगतो, कारण अर्धी यादी सांगायची आपल्याला सवय लागली आहे. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर ही तीन नावं शाळेतल्या मुलांनाही येतात. त्यांच्याबरोबर बाळासाहेब भोसले, योगेश पाटील आणि जयवंत पाटील हेही गेले. अरुण जाधव जखमी होऊन वाचले आणि त्यांनीच काय घडलं ते सांगितलं. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर, साताऱ्याच्या जावळी खोऱ्यातल्या केडंबे गावच्या तुकाराम ओंबळे यांनी हातात लाठी असताना कसाबची रायफल पकडून धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि म्हणून तो जिवंत हाती लागला. शिपाई, हवालदार, फौजदार हे बहुतेक गावाकडचेच. आज मोखाड्याच्या ठाण्यात ड्यूटीवर असलेला पोरगाही तसाच कुठल्या तरी गावचा आहे.

आता अर्ज.

२६ जानेवारी २००९ ला दिल्लीत राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हातून कविताताईंनी अशोकचक्र घेतलं. त्याआधी गुजरातच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी शहीद पोलिसांच्या घरच्यांसाठी एक कोटी रुपये जाहीर केले होते, ते कविताताईंनी नाकारले. कुणी याला अभिमान म्हटलं, कुणी राजकारण म्हटलं. मला त्यात एका शिक्षिकेचा हिशेब दिसतो. जी मदत घेतली की तोंड बंद ठेवावं लागेल, ती घ्यायची नाही.

कारण त्यांना विचारायचं होतं. माझ्या नवऱ्याच्या अंगावरचं जाकीट कुठे आहे?

हा प्रश्न वरवर साधा आहे. माणूस गेला, आता जाकिटाचं काय? पण जरा खोलात जाऊ. बुलेटप्रूफ म्हणून जे जाकीट मिळतं त्याचे प्रकार असतात. नुसत्या दाट धाग्यांच्या थरांचं जाकीट पिस्तुलाची गोळी अडवतं. एके-४७ ची गोळी अडवायला त्यात पोलादाची किंवा सिरॅमिकची कडक पट्टी लागते. ती पट्टी छाती-पाठ झाकते. मान, खांदा, काख उघडी राहते. म्हणजे जाकीट नुसतं असून भागत नाही. ते कोणत्या दर्जाचं होतं, कधी विकत घेतलं, कुणी तपासलं, कुणी सही केली, हे सगळं महत्त्वाचं. जाकीट हाती असतं, तर ते प्रयोगशाळेत देता आलं असतं. फाईल हाती असती, तर सही कुणाची ते वाचता आलं असतं. जे अजून जिवंत आहेत आणि उद्या तसलंच जाकीट घालून निघणार आहेत, त्यांच्यासाठी हे विचारणं गरजेचं होतं. कविताताईंच्या नवऱ्याला त्याचा आता काही उपयोग नव्हता, हे त्यांना सगळ्यांहून जास्त ठाऊक होतं.

माहितीचा अधिकार २००५ चा. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही माफ. तीस दिवसांत उत्तर द्यायचं. नाही दिलं तर अपील, त्यावरही दुसरं अपील. वांगणीतल्या माणसाला जी वाट आहे तीच वाट त्यांनी धरली. एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याला फोन करून त्यांना विचारता आलं असतं. नवऱ्याचे सहकारीच तर त्या खुर्च्यांवर बसले होते. पण फोनवर मिळालेलं उत्तर हवेत राहतं आणि कागदावरचं उत्तर सही मागतं. मुलांना शिकवणाऱ्यांना शिकवणारी बाई, तिला हे समजत होतं.

उत्तर आलं: जाकीट सापडत नाही.

देशानं ज्या माणसाला शांतताकाळातला सर्वोच्च शौर्यपुरस्कार दिला, त्याच्या अंगावरून काढलेली, गुन्ह्याचा पुरावा असलेली वस्तू सापडत नाही. जाकिटांच्या खरेदीची फाईल गहाळ असल्याची बोंबही त्याच काळात उठली. पुढे रुग्णालयातल्या एका सफाई कर्मचाऱ्यानं सांगितलं की ते जाकीट आपण कचऱ्यात टाकलं. खापर कुणाच्या डोक्यावर आलं ते बघा. एवढ्या मोठ्या यंत्रणेत शेवटी झाडूवाला सापडला. त्याला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. रक्तानं भरलेल्या वस्तूचा पंचनामा करून ती ताब्यात घेण्याचं काम त्याचं नव्हतं.

याच सुमाराला अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनीही माहितीचा अधिकार वापरला. नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळवल्या आणि त्यांच्या आधारे २००९ साली पत्रकार विनिता देशमुख यांच्यासह पुस्तक लिहिलं. गल्लीत आपले लोक जखमी होऊन पडले असताना मदत का पोचली नाही, हे त्यांना कागदावर दाखवायचं होतं. सरकारनं राम प्रधान समिती नेमली होती, तिचा अहवालही त्याच वर्षी आला. एका गाडीत मेलेल्या दोन अधिकाऱ्यांच्या दोन बायका, वेगवेगळ्या घरांत बसून, एकाच कायद्याखाली अर्ज करत होत्या. महाराष्ट्राच्या पोलीस दलाच्या इतिहासात मला ही घटना शौर्यपदकाच्या तोडीची वाटते. एवढ्या मोठ्यानं ती कुठे सांगितली जात नाही, म्हणून इथे सांगतो.

शहिदाची पत्नी म्हणून समाज बाईला एक जागा देतो. पांढऱ्या साडीत, पहिल्या रांगेत, शाल-श्रीफळ घेऊन बसायची जागा. तिथे बसून तिनं डोळे पुसावेत, चार शब्द बोलावेत, देशभक्तीपर गाणं ऐकावं. तिनं अर्ज केला की लोक अस्वस्थ होतात. आता पुरे की, सगळं मिळालं ना, असं म्हणतात. तुम्हालाही हेच ऐकवलं गेलं होतं. अंगणवाडी दिली, दवाखाना दिला, अपर कलेक्टर दिला, आता आणखी काय विचारता? कविताताईंनी आणखी विचारलं. पोलिसांना चांगली साधनं मिळावीत, त्यांच्या घरच्यांकडे लक्ष असावं, हे त्या पुढेही जाहीरपणे बोलत राहिल्या.

विचारल्यानं काही होतं का? एक उदाहरण देतो. पोलिसाची ड्यूटी बारा तासांची, आणि बारा म्हणजे किमान बारा. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात रवींद्र पाटील नावाच्या कर्मचाऱ्यानं आठ तासांच्या पाळ्या कशा लावता येतील याचा आराखडा मांडला. पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलला आणि मे २०१६ मध्ये तिथे प्रयोग सुरू झाला, नंतर तो मुंबईत इतरत्रही गेला. खालच्या पायरीवरचा माणूस बोलला आणि वरच्यानं ऐकलं, म्हणून कितीतरी घरांत बाप रात्री जेवायला घरी आला. हे अजून सगळीकडे पोचलेलं नाही. आपल्याकडे आठवडे बाजार, बोहाडा, दसरा, निवडणूक, धबधब्यावरची शनिवार-रविवारची गर्दी, सगळं त्याच मूठभर माणसांवर. पावसाळ्यात पोलीस वसाहतीच्या गळक्या खोलीत तान्हं मूल घेऊन बसलेली शिपायाची बायको कुणाला अर्ज करणार? तिला नवऱ्याच्या नोकरीची भीती असते. म्हणून तिच्या वतीनं आपण गावकऱ्यांनी विचारायला हवं. पोलिसाशी आपलं नातं नेहमी गोड नसतं, मला माहीत आहे. जंगलाच्या, जमिनीच्या केसेस इथल्या लोकांनी भोगल्या आहेत. तरी त्याच्या घरातली बाई ही आपल्यासारखीच आहे.

कविताताई गेल्या २९ सप्टेंबर २०१४ ला, मेंदूत रक्तस्राव होऊन. मालेगावच्या स्फोटाची तीच तारीख, मधे सहा वर्षं. मुंबईत हिंदुजा रुग्णालयात डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचं सांगितलं. मुलांनी निर्णय घेतला आणि आईची मूत्रपिंडं, यकृत, डोळे दान केले. बाप गमावून सहा वर्षंही झाली नव्हती, आणि त्या घडीला मुलांना परक्या माणसांचा विचार सुचला. आईचं शिक्षण कुठे दिसतं, तर मला तिथे दिसतं.

मेंदूमृत्यूनंतरचं अवयवदान १९९४ च्या कायद्यानं चालतं. चार डॉक्टरांचं मंडळ सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी करतं, मग घरच्यांची संमती, मग प्रतीक्षायादीप्रमाणे अवयव दिले जातात. त्यासाठी अतिदक्षता विभाग लागतो, व्हेंटिलेटर लागतो. ते जव्हारला होणं सध्या अवघड आहे. पण नेत्रदानाचं तसं नाही. माणूस घरी गेला तरी डोळे देता येतात, फक्त मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते काढावे लागतात. सहा तास. आषाढातल्या पावसात वांगणीहून जव्हार, आणि जव्हारहून नाशिक किंवा ठाणे, हा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करू शकता.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. या सभेनंतर इथल्या शिक्षकांनी आणि तरुणांनी मिळून पालघर जिल्ह्याच्या आरोग्य विभागाकडे माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकावा. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतून नेत्रदान करायचं झालं, तर डोळे काढणारं प्रशिक्षित माणूस कुठून येतं, किती वेळात येतं, गाडी कोण देतं, आणि आजवर इथून किती नेत्रदानं झाली. अर्जाची प्रत ठेवा, पोच घ्या, आणि तीस दिवस मोजा.